द डचेस (2008) : या ड्यूकला खलनायक म्हणायचं का?

कोरांटी

आधीच सांगून ठेवते, पुढे सगळं कथानक फुटणार आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

लग्नाच्या रात्रीचा प्रसंग आठवतोय? जॉर्जियाना सतरा वर्षांची. ड्यूक मागे उभा राहून तिच्या पोशाखाचे बंद कात्रीने कापतोय. पाठीवर कॉर्सेटचे वळ. बायकांच्या कपड्यांना एवढी गुंतागुंत कशाला, असं काहीतरी तो पुटपुटतो. ती म्हणते, तुम्हा पुरुषांना व्यक्त व्हायला पुष्कळ वाटा आहेत, आमच्याकडे फक्त टोप्या आणि झगे. चांगलं बोलली पोरगी! पण त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. तो रागावलेला नाही, लाडात आलेला नाही, दुष्टपणाही करत नाहीये. एक काम हातावेगळं करतोय.

राल्फ फाइन्सने हा ड्यूक अख्खा सिनेमाभर असाच धरून ठेवलाय. मला त्याच्याबद्दलच लिहायचंय, कारण कीरा नाइटलीबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्ल स्पेन्सरची मुलगी जॉर्जियाना हिचं 7 जून 1774 रोजी, म्हणजे नेमकं तिच्या सतराव्या वाढदिवशी, डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी लग्न झालं. तो पंचविशीचा, इंग्लंडमधल्या सगळ्यात गडगंज घराण्यांपैकी एकाचा धनी. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ, लंडनला पिकाडिलीत डेव्हनशायर हाउस. त्याला मुलगा हवा. मुली होतात. मधल्या काळात त्याला बाहेर झालेली मुलगी शार्लट घरी आणली जाते आणि हिने तिला वाढवायचं. मग बाथला बेस फॉस्टर भेटते, नवऱ्याने टाकलेली. जॉर्जियाना तिला जिवाभावाची मैत्रीण म्हणून घरी आणते. मैत्रीण यथावकाश ड्यूकच्या खोलीत. तिघं वर्षानुवर्षं एका छपराखाली. आणि हिचा जीव जडतो चार्ल्स ग्रे या तरुण राजकारण्यावर.

सिनेमा आला तेव्हा डायनाचा संदर्भ देऊन भरपूर जाहिरात झाली होती. डायना त्याच स्पेन्सर घराण्यातली, जॉर्जियानाच्या भावाच्या वंशातली. त्यामुळे 'बिच्चारी राणी आणि दगड नवरा' ही चौकट आधीच तयार होती आणि बहुतेकांनी सिनेमा त्याच चौकटीतून बघितला.

माझं म्हणणं असं की हा माणूस स्वतःच्या हिशेबाने एकही करार मोडत नाही. नाव दिलं, घर दिलं, पैसा दिला. बदल्यात मुलगा ठरला होता. तो आला नाही, म्हणजे शब्द बायकोने मोडला. त्याला खरोखरच कळत नाही की ही नाराज का आहे. शेवटाकडे तो खिडकीतून बागेत खेळणारी मुलं बघतो आणि किती मोकळी आहेत ही, अशा अर्थाचं एक वाक्य बोलतो. त्या क्षणी मला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

दिग्दर्शक सॉल डिबवर माझा एक राग आहे. त्याने जॉर्जियानाला फार धुऊन-पुसून घेतलंय. अमांडा फोरमन यांनी लिहिलेल्या ज्या चरित्रावर सिनेमा बेतलाय त्यातली बाई पक्की जुगारी आहे. फॅरो या पत्त्यांच्या जुगारात हरायची, कर्ज काढायची, ते फेडायला दुसरं काढायची, आणि खरा आकडा नवऱ्यापासून लपवायची. टॉमस कूट्स या बँकरकडून पैसे घेतले, त्या बदल्यात त्याच्या मुलींना उच्चभ्रू वर्तुळात शिरकाव करून द्यायचं कबूल केलं. सिनेमात ती गंमत म्हणून पैजा लावते, संपलं. ही बाजू दाखवली असती तर नवरा-बायकोची भांडणं दोन माणसांची वाटली असती. आता ती पायरी आणि पाय अशी वाटतात.

तर, तुम्हाला काय वाटतं? ड्यूक खलनायक आहे का?

खडीसाखर

मी पहिली!

सिनेमा थिएटरात बघितला होता आणि खरं सांगते, निम्मा वेळ कपडेच बघत होते. मायकल ओ'कॉनर यांना त्या वर्षीचं वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. केसांचा तो मनोरा! दारूच्या नशेत ती मेणबत्त्यांच्या अगदी जवळ जाते, टोप पेटतो, आणि ड्यूक सूपच्या वाटीत माशी पडल्यासारखा थंडपणे सांगतो की बाईसाहेबांचे केस विझवा. मी हसले आणि शेजारची बाई माझ्याकडे वळून बघायला लागली.

ड्यूक खलनायक आहे. मतदान संपलं :)

तिसरी_घंटा

कोरांटीताई, लेख आवडला पण मुद्दा पटला नाही.

'त्याला कळत नाही' ही सवलत आपण कुठपर्यंत देणार? ती समोर बसून रीतसर बोलणी करते : तुम्हाला बेस हवी, मी तिला स्वीकारते, मला ग्रे हवा, तुम्ही त्याला स्वीकारा. यात न कळण्यासारखं काय आहे? करारावर जगणारा माणूस असेल तर त्याला हा करार सगळ्यांच्या आधी कळायला हवा. त्यावर तो काय करतो? सौदे करायची मला गरज नाही, इथलं सगळं माझं आहे, असा आव. आणि मग बलात्कार. दाराबाहेर बेसला किंकाळ्या ऐकू येतात. नोकरांना ऐकू येतात. तो प्रसंग बघितल्यावर 'बिचाऱ्याला कळत नाही' असं म्हणवत नाही मला.

फाइन्सचं काम अफाट आहे याबद्दल वाद नाही. रंगमंचावर आम्हाला सांगतात की पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते आधी शोधा. फाइन्सने उलट केलंय, या माणसाला समोरच्याकडून काहीच नकोय. जेवताना लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलाय, बायको बोलतेय, याचं लक्ष कुत्र्यांकडे. कुत्र्यांशी वागतानाच काय तो थोडा जिवंत. पण नटाने पात्राला माणूस केलं म्हणून प्रेक्षकाने त्याला माफ करायचं, असा काही नियम नाही.

कोरांटी

तिसरी_घंटा, माफ कर म्हणाले नाहीये मी. खलनायकाला आपण चुकीचं वागतोय हे ठाऊक असतं, एवढीच माझी व्याख्या. याला ते ठाऊक नाही, कारण आजूबाजूचा एकही माणूस त्याला तसं सांगत नाही. तिची सख्खी आईसुद्धा नाही.

तो बोलणीचा प्रसंग मात्र तुम्ही बरोबर पकडलात. तिथे माझी मांडणी लंगडी पडते, मान्य. करार दोन बरोबरीच्या माणसांत होतो, आणि ती बरोबरीची आहे हेच त्याला मंजूर नाही.

ओसरीवरचा

इंग्रजांच्या वाड्यातल्या भानगडींवर एवढा खल? आपल्याकडे विषय संपले का?

खडीसाखर

ओसरीवरून उतरा की मग :)

सनदी

बराच वेळ कौटुंबिक न्यायालयात जातो, त्यामुळे या धाग्यावर हात शिवशिवले. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

ड्यूकला कोणी सांगत नाही, असं ताईंनी म्हटलंय. कोण सांगणार होतं? त्या काळच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बायकोचं वेगळं अस्तित्वच उरत नसे. नवरा-बायको ही कायद्याने एक व्यक्ती, असं ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने 1765 मध्ये लिहून ठेवलं, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा हे वेगळं सांगायची गरज नव्हती. 1736 साली छापलेल्या मॅथ्यू हेलच्या ग्रंथात स्वच्छ म्हटलंय की नवऱ्यावर पत्नीच्या बलात्काराचा गुन्हा लागूच शकत नाही, कारण लग्न करतानाच तिने कायमची संमती दिलेली असते. म्हणजे तिसरी_घंटा ज्या प्रसंगाबद्दल म्हणतात, त्या प्रसंगात त्या देशाच्या कायद्याने काही घडलेलंच नव्हतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व मोडीत काढलं 1991 साली. 1891 नव्हे, 1991.

ड्यूक तिला धमकावतो की ग्रेकडे गेलीस तर मुलांचं तोंड बघायला मिळणार नाही. पटकथाकाराने नाट्य वाढवायला घातलेलं वाक्य नाही ते. मुलं बापाची. आईला लहान मुलांचा ताबा मागण्याचा पहिला तोकडा हक्क मिळाला 1839 मध्ये. बेसचंच उदाहरण घ्या. नवऱ्याने दोन्ही मुलगे ठेवून घेतले, आणि 1796 मध्ये तो मेला तेव्हा कुठे सुमारे चौदा वर्षांनी तिला ते भेटले. सिनेमात ती ड्यूकच्या वजनाने मुलं परत मिळवते. प्रत्यक्षात ड्यूकचं वजनही तिथे चाललं नव्हतं.

बरं, घटस्फोट? 1857 च्या कायद्याआधी पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटमध्ये तुमच्या नावाचा स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागे. असे घटस्फोट मिळवणाऱ्या बायका सगळ्या मिळून चार. चारच. पहिली 1801 मध्ये. नवऱ्याला मात्र आणखी एक मजेशीर सोय होती : बायकोच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा. माझ्या मालमत्तेची खराबी केली म्हणून! 1782 मध्ये सर रिचर्ड वर्स्ली यांनी असा दावा लावला, मागितले वीस हजार पौंड. खटल्यात निघालं काय, तर या गृहस्थांनी स्वतःच बायको आंघोळ करत असताना मित्राला खांद्यावर उचलून खिडकीतून दाखवली होती. ज्यूरीने भरपाई दिली एक शिलिंग. हे सगळं लंडन चवीने वाचत होतं, आणि त्याच वर्षी बाथला जॉर्जियानाची बेसशी गाठ पडली.

हे परक्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतंय (ओसरीवरचे साहेब, आपणही) त्यांच्यासाठी पुढचं. हाच इंग्लिश कायदा बोटीतून मुंबईला उतरला. दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला, तो मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला प्रकार. हिंदू धर्मशास्त्रात असं काही नाही म्हणून न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो फिरला आणि 1887 च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. यातली मेख अशी की नांदायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात टाकायची तरतूद खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच काढून टाकली होती. त्यांनी तिकडे उतरवलेलं जू इकडे आपल्या मानेवर राहिलं. नांदवण्याचा दावाच इंग्लंडने 1970 मध्ये रद्द केला. आमच्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 अजून शाबूत आहे, आणि पोटगीची केस पडली की वकील लगेच नवऱ्याला 'कलम 9 टाकून ठेवू' म्हणतात. हेलचं ते तत्त्वही भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये अपवाद म्हणून जागा धरून बसलंय.

तेव्हा ड्यूक खलनायक की नाही यावर माझं मत : आरोपी क्रमांक दोन.

पाटपाणी

सनदीसाहेब, फार छान समजावलंत.

मला मात्र ड्यूकपेक्षा लेडी स्पेन्सरचा जास्त राग येतो. शार्लट रॅम्पलिंगने काय केलीय ती आई! लेक रडत माहेरी येते, आणि ही सरळ बसून सांगते की मुलगा होऊ दे, मग सगळं सुरळीत होईल. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या किती आया हेच बोलल्या असतील, शब्द वेगळे एवढंच. 'एकदा पाळणा हलला की माणूस आपोआप घरात रमतो.' तिलाही तिच्या आईने हेच सांगितलेलं असणार.

आणि बेसबद्दल कोणी काही बोलत नाही ते का? मला ती धड वाईट म्हणता येत नाही. सिनेमात जॉर्जियाना जाब विचारते तेव्हा ती मुलांचं नाव घेते. सनदी म्हणतात तसं आईला मुलं बघायला मिळत नसतील तर ती काय काय करेल, याला सीमा नाही. पण मग ड्यूकपासून तिला स्वतःला दोन मुलं झाली, त्याचं काय? आणि जॉर्जियाना 1806 मध्ये गेली, तिघीनंतर साडेतीन वर्षांत हिने ड्यूकशी रीतसर लग्न लावलं, डचेस झाली. इथे माझं मन घट्ट होतं.

पाटपाणी

तिघीनंतर नव्हे, 'तिच्यानंतर'. मोबाइलवरून लिहितेय.

कोरांटी

पाटपाणीकाकू, बेसवर खरं तर वेगळा धागा निघेल. जॉर्जियानाची पत्रं वाचली की एक अडचण होते. तिला बेस शेवटपर्यंत हवी होती. आणि 1791 मध्ये ग्रेपासून दिवस गेल्याचं कळून ड्यूकने तिला देशाबाहेर घालवलं, तेव्हा तिच्यासोबत कोण गेलं? बेस. ड्यूकपाशी मऊ गादीवर राहता आलं असतं की तिला. जॉर्जियाना फ्रान्सच्या दक्षिणेला बाळंत झाली, फेब्रुवारी 1792 मध्ये. मुलगी, एलायझा. दोन वर्षांच्या आसपास ती परदेशात होती, तीन लेकरं इंग्लंडात, धाकटा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा. सिनेमात हा वनवास काही महिन्यांत आटपलाय आणि इंग्लंडच्या हिरवळीवरच.

एलायझाला ग्रेच्या वडिलांच्या हवाली करतात तो रस्त्यावरचा प्रसंग मात्र मी अजून सरळ बघू शकत नाही. दोन गाड्या थांबतात, उतरून तान्हं द्यायचं, परत गाडीत बसायचं. संवाद दोन-चारच. बेस तिथेही शेजारी आहे.

तिसरी_घंटा

+१ त्या प्रसंगाला. अख्ख्या सिनेमात कीराने सगळ्यात कमी 'अभिनय' केलाय तिथे, आणि म्हणून तो सगळ्यात चांगला.

बोरूबहाद्दर

उशिरा आलो. ओसरीवरच्या मित्राचा प्रश्न 'आपला काय संबंध' असा होता ना, मग ऐका.

सिनेमात निवडणुकीची भाषणं आहेत, त्या काळचा पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स आहे (सायमन मॅकबर्नी, झकास), गर्दी डचेसचा जयजयकार करते. ही निवडणूक मुळात लागली कशामुळे, ते सिनेमा सांगत नाही. लागली हिंदुस्थानामुळे! फॉक्सने 1783 च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार कंपनीकडून काढून पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांकडे द्यायचं विधेयक आणलं. कंपनीवाले खवळले. तिसऱ्या जॉर्जने उमरावांच्या कानावर घातलं की जो याच्या बाजूने मत देईल तो माझा शत्रू. 17 डिसेंबरला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक पडलं, लगोलग सरकार गेलं, धाकटा पिट पंतप्रधान झाला आणि वसंतात निवडणूक. जेम्स सेयर्सचं त्या वेळचं एक व्यंगचित्र आहे, 'कार्लो खान'. फॉक्स मोगल बादशहाच्या वेषात हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीवर स्वारी करतोय, आणि हत्तीला तोंड त्याचा सरकारातला साथीदार लॉर्ड नॉर्थचं. जरूर शोधून बघा.

आणि कंपनीची अशी तपासणी का निघाली होती? हेस्टिंग्जच्या लढायांनी ती कर्जात बुडाली होती, त्यात आमच्या महादजी आणि नाना फडणिसांशी सात वर्षं चाललेली लढाईही आली. सालबाईचा तह 1782 चा. म्हणजे डचेस वेस्टमिन्स्टरच्या खाटकांकडे मतं मागत फिरत होती त्यामागे कुठेतरी पुणं दरबारही होता. (तिच्या लग्नाच्या साली, 1774 च्या एप्रिलमध्ये, पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म. बारभाईंनाही वारसच हवा होता!)

मतदान 1 एप्रिल ते 17 मे चाललं. जॉर्जियाना आणि तिची बहीण हॅरिएट गल्लोगल्ली हिंडल्या. चुंबन देऊन मतं विकत घेतात म्हणून विरोधकांनी बोंब ठोकली, रोलंडसनसारख्यांनी चित्रं काढून दुकानांच्या काचांत लावली. दोन जागांपैकी दुसऱ्या जागेवर फॉक्स 236 मतांनी निवडून आला. पुरुष उमेदवारासाठी प्रचार करणाऱ्या बाईवर चारित्र्याचा चिखल हा प्रकार किती जुना आहे बघा. सिनेमाने यातला चिखल गाळून फक्त फुलं ठेवलीत. कोरांटीताई म्हणतात ते जुगाराइतकंच राजकारणालाही लागू आहे.

अवांतर : चार्ल्स ग्रेचा जन्म 1764 चा. सिनेमाच्या सुरुवातीला, 1774 मध्ये, तो ऑल्थॉर्पच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, हिरवळीवर तिच्याकडे प्रेमाने बघतो तेव्हा त्याचं वय भरतं दहा.

खडीसाखर

दहा!!! डॉमिनिक कूपर दहा वर्षांचा :D

हा तोच ना चहावाला अर्ल ग्रे?

बोरूबहाद्दर

तोच. चहा त्याच्या नावाचा. 1830 ते 34 पंतप्रधान होता. 1832 चा मतदान सुधारणा कायदा आणि पुढच्या वर्षीचा गुलामगिरी रद्द करणारा कायदा त्याच्याच कारकिर्दीतले. जॉर्जियानापासून वेगळा झाल्यावर दोन-तीन वर्षांत लग्न केलं आणि डझनावर मुलं झाली. त्याचं काही अडलं नाही.

सनदी

'त्याचं काही अडलं नाही.' याच वाक्यावर मी आख्खा युक्तिवाद उभा करेन.

आडवाटे

मी डर्बीजवळ राहते, त्यामुळे या सिनेमाच्या जागा म्हणजे आमच्या रविवारच्या सहलींच्या जागा.

चित्रीकरण चॅट्सवर्थबरोबर केडल्स्टन हॉलमध्येही झालंय. केडल्स्टन हे कर्झनचं घर, आपल्या बंगालच्या फाळणीवाल्या कर्झनचं. तळमजल्यावर त्याने हिंदुस्थानातून आणि आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. वरच्या संगमरवरी दालनात खांब बघत फिरायचं, आणि खाली आल्यावर काचेच्या कपाटात हस्तिदंत आणि चांदी. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस याच वास्तूच्या नमुन्यावर बांधलं होतं. सिनेमात या खोल्या बघताना मला तर आधी ते खालचं कपाट आठवतं.

चॅट्सवर्थला गेन्सबरोने काढलेलं जॉर्जियानाचं चित्र आहे, मोठ्या काळ्या टोपीतलं. ते 1876 मध्ये लंडनच्या एका दालनातून अ‍ॅडम वर्थ नावाच्या चोराने कॅनव्हास कापून पळवलं आणि पंचवीस वर्षं स्वतःजवळ ठेवलं. 1901 मध्ये शिकागोत परत मिळालं. डेव्हनशायर घराण्याने ते 1994 साली लिलावात विकत घेतलं. जिवंत असताना जिला घराबाहेर घालवली, तिच्या चित्रासाठी बोली लावली!

लंडनला गेलात तर डेव्हनशायर हाउस शोधू नका, 1924 मध्ये पाडलं. त्याचं लोखंडी फाटक तेवढं पिकाडिलीवर ग्रीन पार्कच्या कडेला उभं आहे. बहुतेक लोक त्याला टेकून सँडविच खातात.

ओसरीवरचा

बोरूबहाद्दर, सालबाई आणि बारभाई कुठून कुठे जोडलंत राव. बरं, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला त्या वारसाचं पुढे काय झालं? कर्तबगार निघाला का?

कोरांटी

आलात ना धाग्यात!

वारस म्हणजे विल्यम, घरात 'हार्ट'. 1790 मध्ये झाला, लग्नानंतर सोळा वर्षांनी. सहावा ड्यूक. त्याने लग्नच केलं नाही. 'ब्रह्मचारी ड्यूक' म्हणूनच ओळखला जातो. 1858 मध्ये तो गेला आणि पदवी, चॅट्सवर्थ, सगळं गेलं पाचव्या ड्यूकच्या भावाच्या नातवाकडे. म्हणजे जॉर्जियानाला मुलगा झालाच नसता तरी शेवटी जिथे जायचं तिथेच गेलं असतं. हे सिनेमाच्या शेवटच्या पाट्यांमध्ये यायला हवं होतं असं मला फार वाटतं.

पाटपाणी

अगं बाई. मग ती बलात्काराची रात्र, ती मुलं दाखवून घातलेली भीती, हे सगळं...

रावेरकर

वाचनमात्र असतो, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

हा जो ब्रह्मचारी ड्यूक, त्याचं आडनाव कॅव्हेंडिश. आमच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलला जी केळी आहे, पूर्वीची बसराई घ्या, श्रीमंती घ्या, आताची टिश्यू कल्चरची जी-नाइन घ्या, सगळी कॅव्हेंडिश गटातली. ते नाव याच माणसावरून पडलंय. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन म्हणून त्याचा मुख्य माळी होता, पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला तोच. मॉरिशसहून आलेलं रोप त्याने 1830 च्या दशकात काचघरात वाढवून फळावर आणलं आणि धन्याचं नाव दिलं. आमची केळी चॅट्सवर्थहून आली असं म्हणत नाही मी, ही जात मुळात पूर्वेकडचीच. फक्त नाव त्या घराण्याचं चिकटलं.

आणि गंमत बघा, या केळीला बी नसतं. वंश चालतो तो मुनव्यांवर, नाहीतर प्रयोगशाळेतल्या रोपांवर.

ओसरीवरचा

रावेरकर भाऊ, जिंकलात. बघतो आज रात्री पिक्चर.

तिसरी_घंटा

बघा आणि मत नोंदवा. सध्या हिशेब असा : खडीसाखर आणि मी 'खलनायक', कोरांटीताई 'नाही', सनदी 'आरोपी क्रमांक दोन', पाटपाणीकाकूंचा आरोपी लेडी स्पेन्सर. आणि बघताना टेबलावरच्या प्रसंगांत फाइन्सचे हात बघा, चेहरा नको. सुरीकाटे किती नीट ठेवतो ते.